चष्म्याशिवाय सिनेमा पाहणारे व्याही

उडणाऱ्या माणसांचे सिनेमे तुमच्या अकोले गावच्या आजोबांइतके आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील, आणि त्या सिनेमांवर त्यांच्याइतकं कुणी रागावलंही नसेल. निनाद, सई, तुम्हा दोघांना ते सुट्टीत पेरू काढून देणारे आजोबा म्हणून माहीत आहेत. मला ते, म्हणजे अण्णा, व्याही म्हणून लाभले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पुरतं ओळखलं आहे असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. साखर कारखान्यात शेतकी अधिकारी म्हणून नोकरी केलेला माणूस, उसाच्या कांड्याकडे पाहून जात सांगणारा. तो निवृत्त झाल्यावर भजनाला बसेल, नाहीतर गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहील, अशी आमची सर्वांची समजूत होती. अण्णांनी कॉमिकवाले सिनेमे धरले. नवा सिनेमा लागला की इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन ते एसटीने नगरला हजर होतात. तुमचे इथले आजोबा अंधारात बसले की घोरतात, त्यामुळे सोबतीला मला जावं लागतं.

अण्णांची सिनेमा पाहण्याची रीत मी आणखी कुणात पाहिली नाही. तिकीट ते सर्वांत मागच्या रांगेचं काढतात, आणि दिवे मालवले की चष्मा काढून खिशात ठेवतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, डोळे दुखत असतील. मी पर्समधून ड्रॉप्स काढून दिले. तर म्हणाले, "डोळ्याला काय धाड भरलीय? परीक्षा घेतोय." चष्म्याविना, लांबून, धूसर दिसत असतानाही कोण आलं हे ओळखता आलं तर तो हिरो पास. नाही ओळखता आलं तर नापास, मग त्याने सबंध पृथ्वी वाचवली तरी अण्णांना त्याचं काही नाही. बहुतेक जण नापास होतात. एकदा पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलाच्या खांद्यावर टिचकी मारून त्यांनी विचारलं, "भाऊ, ह्यो मगाचाच का?"

"नाही आजोबा, हा त्याचा भाऊ. तो मघाशी मेला."

"मग आईनं दोघांस्नी एकाच ठानातला कपडा का शिवला?"

पुढे सिनेमाभर तो मुलगा आणि त्याचे मित्र मान वळवून अण्णांकडेच पाहत होते. मलाही ते भाऊ ओळखू येत नव्हते. मात्र मी तो दोष माझ्या वयाला दिला होता. दोष सिनेमाचा असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःला एका घाटाचे कप, एका मापाच्या बरण्या असं सारखं दिसणारं आवडतं. सगळे हिरो करडे-निळे, सगळी शहरं राखेच्या रंगाची, शेवटी प्रत्येक वेळी आभाळ फाटतं आणि त्यातून उजेडाचा खांब खाली येतो. मला यात एक प्रकारची शिस्त वाटते. हे मी बोलले तर अण्णा म्हणाले, "विहीनबाई, शिस्त रेशनच्या रांगेत. आभाळ फाटायचं तर दर वेळी एकाच शिवनीवर कसं फाटतं?"

मग एक सिनेमा असा आला की त्यात माणसं चक्क छापल्यासारखी दिसत होती. रंग रेघेबाहेर सांडलेले, अंगावर ठिपके, एकाच्या भोवती शाईचे फराटे तर दुसरा कागद कापून चिकटवल्यासारखा. मला वाटलं यंत्र बिघडलं. मॅनेजरला सांगायला म्हणून मी उठले, तर अण्णांनी माझी पिशवी धरून ठेवली. चष्मा खिशातच होता आणि ते एकेकाला बोटाने मोजत होते, आला, हा आला, ती आली. मध्यंतरात त्यांनी मला वडापाव खिलवला, हे त्यांच्याकडून प्रथमच. "चोपडं हाललं बघा," म्हणाले; चोपडं म्हणजे कॉमिकचं पुस्तक. "बाकीचे काय करत्यात, चोपड्यातली गोष्ट घेत्यात आन चित्र टाकून देत्यात. मग ऱ्हातं काय? मारामारी. ती आमच्या सोसायटीच्या मीटिंगला फुकट हुती." माझं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. ते दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा पाहून आले.

या सगळ्याचा उगम कुठे आहे ते मला पुढे त्यांच्या गावी कळलं. तिकडे बोहडा असतो, मुखवट्यांचा उत्सव. देवांची आणि राक्षसांची सोंगं एकामागून एक संबळाच्या तालावर नाचत येतात. ज्या घरात मी मुलगी दिली त्या घरचा कर्ता पुरुष तरुणपणी त्राटिका होऊन नाचायचा, ही गोष्ट लग्न जमवताना आम्हाला कुणी सांगितली नव्हती. अण्णांनी अंगणात भर दुपारी मला त्राटिकेची चाल करून दाखवली. माझ्या हातातला चहा सांडला. प्रत्येक सोंगाची चाल निराळी, रंग निराळा, कारण शेवटच्या माणसाला, अगदी टेकाडावर बसलेल्यालाही कळलं पाहिजे की कोण आलं. एका वर्षी उत्साही मंडळींनी शहरातून नवे मुखवटे आणले, सगळे एकाच साच्यातले, चकचकीत. एका म्हातारीने मारुती समजून राक्षसापुढे नारळ फोडला. "राक्षसबी गोंधळला," अण्णा सांगत होते. "तो बिचारा आशीर्वाद द्यून मोकळा झाला."

आता निनाद, पुढचं मुख्यतः तुझ्यासाठी आहे. सईने वाचलं तरी हरकत नाही.

तू आधी हाताने चित्रं काढून केलेला तो छोटा सिनेमा पाठवला होतास, ज्यात तुझा हिरो पिवळं उपरणं घेऊन धरणाच्या भिंतीवरून पळतो. त्यातल्या रेघा थरथरत होत्या. मला तो अपुरा वाटला. अण्णांनी तो दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला गावच्या डेअरीत थांबवून दाखवला. त्यानंतर तू कोर्स केलास आणि कॉम्प्युटरवर केलेला नवा पाठवलास. झळझळीत, उंच इमारती, धूर, हिरोचे दंड असे की खऱ्या सिनेमातच शोभावेत. आम्ही सर्वांनी तुझं कौतुक केलं. अण्णा आमच्याकडे आले असताना व्हिडिओ कॉलवर तू त्यांना विचारलंस, आणि ते म्हणाले, "ब्येस हाय. पन ह्यो कुनाचा हाय?"

तू कॉल बंद केलास. त्या दिवसापासून तू त्यांचा फोन घेत नाहीस. तुझी आई म्हणते, अभ्यास आहे.

तुला वाटलं असेल की त्यांनी टोमणा मारला. मलाही तसंच वाटलं, आणि मी त्यांना सुनावण्याच्या तयारीत होते. पण कॉल बंद झाल्यावर त्यांनी मोबाईल हातात धरूनच मला विचारलं, "आता आपल्या पोराचा कवा लावनार?"

मी म्हटलं, "अण्णा, तोच होता निनादचा."

"तो? मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुनाचा आला." आणि पुढे, हळूच, "म्हंजे पोराला वाटलं असंल, मी टाकून बोललो."

मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला. माझ्यासमोर सिनेमा बघताना ते असं कधी करत नाहीत. तुझा सिनेमा लावला, संपला, पुन्हा लावला. ते काय शोधत होते मला कळेना. जेवण वाढून झालं तरी उठेनात. शेवटी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. इमारत कोसळते आहे, गर्दी जीव घेऊन पळते आहे, आणि कडेला, अगदी कोपऱ्यात, एक इवलासा माणूस मागे वळून निसटलेली चप्पल शोधतो आहे.

"ह्यो बघा," अण्णा म्हणाले. "ह्यो आपल्या निनादचा."

आता डेअरीत ते तेवढंच दाखवतात. नेमकं तिथे थांबवणं त्यांना जमत नाही, बोट निसटतं, मग लोकांना आधीची सगळी पडझड पाहावी लागते. या आठवड्यात इथे आले आहेत. तिकडे परदेशात तुमची सकाळ होते त्या वेळेला फोन चार्ज करून व्हरांड्यात बसतात, स्वतःहून लावत नाहीत. कोणती बाजू बरोबर हे मला अजूनही समजत नाही. मला तुझा नवा सिनेमा खरोखर चांगला वाटतो, आणि तरी त्यातला तो एकच माणूस मला आठवत राहतो. त्याला चप्पल मिळाली का, असं अण्णा काल विचारत होते. पुढे तो दिसत नाही, मीही शोधला. अण्णांचं म्हणणं आहे की इमारत खाली यायच्या आत मिळाली असणार. मिळाली की नाही, ते तू त्यांना फोन करून सांग.