ठोका नसलेली मोटर

सुखदेव पहेलवानाच्या खांद्यावरचा दुपट्टा यंत्राच्या पट्ट्यानं ओढून नेला तेव्हा सगळे हसले. तोही हसला. मी हसलो नाही, कारण दुपट्ट्याचं पुढं काय झालं ते मी पाहत होतो. पापणी लवेस्तोवर तो फिरत्या शाफ्टभोवती गुंडाळला गेला, दोरीसारखा ताठ झाला आणि त्याच्या चिंध्या चहूकडं उडाल्या. दुपट्ट्याच्या जागी दंड असता तर? हा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला तो सीझन संपेपर्यंत तिथंच होता.

हे मलकापूरच्या एका जिनातलं आहे. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई मोकळी करायचा कारखाना. मी तिथं वायरमन आहे. मूळचा उंद्रीचा. दिवसा तारा जोडतो, संध्याकाळी युनियनची पत्रकं लिहितो. शेठजी म्हणतात, दोन्ही कामांत मी आग लावतो.

आमच्या जिनात यंत्रं एका रांगेत उभी आहेत. त्यांच्या खाली एक लांब खंदक आहे. त्याला आम्ही गल्ली म्हणतो. गल्लीतून एक लोखंडी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतो, तो शाफ्ट. शाफ्टवरून एकेक पट्टा वरच्या एकेका यंत्राला जातो. एखाद्या यंत्रात कापूस अडकला की खालचा माणूस त्याचा पट्टा उतरवतो. अडकलेलं काढलं की पट्टा परत चढवतो. आणि हे सगळं शाफ्ट फिरत असताना. कारण शाफ्ट थांबवला तर अख्खी रांग थांबते, आणि रांग थांबली की शेठजींचं रक्त थांबतं.

हा पट्टा चढवणारा माणूस म्हणजे सुखदेव पहेलवान. हुद्द्यानं ऑइलमन. चाळिशी ओलांडलेला, मान बैलासारखी, अंगात लंगोट आणि वर आखूड चड्डी. तरुणपणी त्यानं आसपासच्या सगळ्या जत्रांतल्या कुस्त्या मारल्या होत्या. शेठजींनी त्याला तेव्हापासून धरून ठेवलं. पगार बाकीच्यांइतकाच, पण वरून खुराक: रोज दूध, आठवड्याला बदाम. बदल्यात त्यानं गल्लीत उतरायचं. काठीच्या टोकानं पट्टा पुलीच्या कडेला लावायचा आणि खांद्याचा जोर देऊन चढवायचा. पाहायला गावातले लोक येत. शेठजी पाहुण्यांना मुद्दाम गल्लीच्या काठावर आणून दाखवत.

व्यायामावर शेठजींची फार श्रद्धा. सकाळी सूर्यनमस्कार घालून ते जिनात फेरी मारत आणि उपदेश करत. आजार म्हणजे आळस. घाम गाळा, डॉक्टर टाळा. यंत्रावर कापूस घालणाऱ्या बाया दिवसभर खोकत. त्यांना सांगत, दीर्घ श्वास घ्या. रुईच्या धुळीत दीर्घ श्वास! असा सल्ला द्यायला माणूस एक तर अडाणी लागतो किंवा मालक.

आता मुख्य गोष्ट. त्या सीझनला शेठजींनी काळ्या तेलाचं जुनं इंजिन काढलं आणि विजेची मोटर बसवली. ती मीच जोडली. मोटर चांगली होती, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. यंत्राला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. पण इंजिन ठोके देत चालायचं. ठक्‌, मग थोडी उसंत, मग ठक्‌. त्या उसंतीत सगळे पट्टे किंचित ढिले पडत. पहेलवान नेमका तेव्हाच जोर द्यायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि तो कुणाला सांगतही नव्हता. अंगानंच अंगाला शिकवलेलं होतं.

मोटरला ठोका नाही. ती नुसती घुमते. पट्टा सारखा ताठ. शिवाय इंजिनाचा आवाज पार स्टेशनापर्यंत जायचा, त्यामुळं ते चालू आहे हे बहिऱ्यालाही कळायचं. आता गल्लीत उतरलं की कानाला फक्त गुणगुण. आणि गुळगुळीत शाफ्ट एका चालीनं फिरू लागला की डोळ्यांना तो थांबल्यासारखाच दिसतो. खाली उतरलो की माझे हात आपोआप पाठीमागं जात. थांबलेलं दिसणारं फिरतं लोखंड, याच्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

इलाज होता. यंत्रावर दोन पुल्या शेजारीशेजारी बसवायच्या. एक घट्ट, ती यंत्राला फिरवते. दुसरी सैल, ती नुसती फिरते. शेजारचा लहान दांडा ओढला की पट्टा एकीवरून दुसरीवर सरकतो. हात जवळ न्यायचं कामच नाही. कारखान्यांच्या कायद्यात अशी सोय करा म्हणून लिहिलेलं आहे. मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. ते पुण्याकडचे, कायदा माझ्याआधी वाचलेले.

ते म्हणाले, "त्याच कायद्यात असंही आहे की, शिकलेल्या प्रौढ माणसानं घट्ट कपडे घालून चालत्या पट्ट्याजवळ काम केलं तर चालतं. पहेलवान शिकलेला नाही का?"

मी म्हटलं, इंजिनावर शिकलेला आहे, मोटरवर नाही.

"आणि लंगोटापेक्षा घट्ट कपडे कुठं मिळतात ते सांग, मागवू."

बाजूचे कारकून हसले. पुल्यांचं पुढच्या सीझनला बघू, असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं.

मी पत्रक लिहिलं. लिहिताना मला राग आवरत नाही, तो आवरायचा असतो असं मला वाटतही नाही. 'मोटर मालकाची, मरण मजुराचं' असा मथळा दिला. दुपट्ट्याची हकीकत घातली. खाली लिहिलं की, बिचारा सुखदेव एक वाटी दुधासाठी रोज यमाच्या दाढेत हात घालतो.

दुसऱ्या दिवशी पहेलवान चहाच्या टपरीवर माझी वाटच पाहत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"बिचारा काऊन लिहिलं बे?"

मी समजावू लागलो की हा शब्द तुमच्याबद्दल नाही, परिस्थितीबद्दल आहे.

"परिस्थितीचं नाव सुखदेव हाये काय? उभ्या जिल्ह्यात मले कोनी बिचारा म्हटलं नाई. अन्‌ तू, काडीसारखा पोट्टा, कागदावर छापून राह्यला."

"भाऊ, तुमचा हात जाईल."

"माहा हात हाये. तुह्या युनियनचा नाई."

तो चहा न पिताच गेला. पण मी त्याच्याकडं नीट पाहिलं होतं. डोळे झोप न झालेल्या माणसासारखे लाल. तालमीतली पोरं सांगत होती की, पहेलवान हल्ली पहाटे पूर्वीपेक्षा जास्त बैठका मारतो आणि मध्येच थांबून हातांकडं बघत बसतो. जिनात तो आता गल्लीत उतरण्याआधी शाफ्टला हात जोडू लागला होता. इंजिनाला त्यानं कधी हात जोडले नव्हते. शरीर कमावलेल्या माणसाची ही एक अडचण असते. कुठलाही त्रास झाला की तो व्यायाम वाढवतो. भीतीला बैठका लागू पडत नाहीत.

मग तो दिवस आला. भर सकाळी मधल्या एका यंत्रात कापूस अडकला. पट्टा उतरवला, कापूस काढला. आता पट्टा चढवायचा होता. पत्रकाची गोष्ट सगळीकडं झालेली, म्हणून जो तो हातातलं काम टाकून गल्लीच्या काठावर आला. मॅनेजरसाहेबही आले. पहेलवानानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि खाली उतरला.

मी मोटरच्या स्टार्टरजवळ जाऊन उभा राहिलो. साहेब म्हणाले, "हात लावलास तर आजच घरी जाशील."

मी हात लावून ठेवला. पण खरं सांगायचं तर त्या हाताचा उपयोग नव्हता. मोटर बंद केली तरी एवढा जड शाफ्ट लगेच थांबत नाही, आपल्याच जोरात फिरत राहतो. माणूस सापडला असता तर बटण दाबून मी फक्त पाहत उभा राहिलो असतो. हे तिथं मला एकट्यालाच माहीत होतं.

पहेलवानानं काठी पट्ट्याला लावली. खांदा पुढं नेला. थांबला. खांदा मागं घेतला. पुन्हा पुढं नेला. त्याची मान जराशी हलत होती, आतल्या आत काहीतरी मोजल्यासारखी. तो ठोक्याची वाट पाहत होता. ठोका येत नव्हता. पाठीवरून घाम वाहून लंगोटाच्या पट्टीत जिरत होता. कुणी खोकत नव्हतं.

मग त्यानं काठी खाली ठेवली. भिंतीला पाठ लावून, शाफ्टकडं तोंड ठेवून, तो खेकड्यासारखा एकेक पाय सरकत पायऱ्यांपर्यंत आला आणि वर आला. साहेबांनी विचारलं, काय झालं? बायांकडं वळून तो म्हणाला, "मी भेलो, बाई. याले ठोकाच नाई. मी आता खाली जात नाई."

कुणी हसलं नाही. सगळ्यांत पुढं अनसूयाबाई उभ्या होत्या. पहिल्या यंत्रावरच्या, बायांत वडीलधाऱ्या. त्यांनी तोंडावर बांधलेलं फडकं सोडलं.

"पहेलवान भेला तं आपन कोनत्या झाडाचा पाला?" त्या म्हणाल्या. "बसा वो बायांनो."

आणि त्या बसल्या. कापसाच्या ढिगावर, पायऱ्यांवर, जिथं होत्या तिथं. मागून पुरुषही बसले. माझी पत्रकं वाचून एवढी माणसं कधी बसली नव्हती. मोटर मी बंद केली, तेव्हा मला कुणी घरी पाठवलं नाही.

शेठजी आले. आधी ओरडले, मग समजावलं, मग पहेलवानाला बाजूला घेऊन म्हणाले, बेटा, तुझी इज्जत जाते आहे. तो म्हणाला, "शेठजी, इज्जत तं मघाशीच गेली. आता हात राहू द्या." दिवस कापसाचे, बाहेर भरलेल्या गाड्या उभ्या. शेठजींनी अकोल्याला माणूस धाडून सैल पुल्या आणि दांडे मागवले. ते बसेपर्यंत अडकलेलं यंत्र मोकळं करायला अख्खी रांग थांबवत होतो. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या सीझनला बघू म्हणणाऱ्या साहेबांनी भिंतीवर 'सुरक्षा हेच आमचे ब्रीद' असं रंगवून घेतलं. खाली स्वतःची सही करायची तेवढी राहिली.

पहेलवानाचा खुराक बंद झाला. घाबरणाऱ्याला दूध कशाला, असं शेठजी म्हणाले. आम्ही मागणी केली की, धुळीत काम करणाऱ्या सगळ्यांनाच दूध द्या. ती मागणी अजून पडून आहे. पहेलवान माझ्याशी बोलतो, पण जपून. परवा म्हणाला, "लिहाचंच असंन तं लिही का सुखदेवले भेव लागलं. बिचारा नको लिहू." म्हणून तसंच लिहिलं आहे. त्याचे दोन्ही दंड जागेवर आहेत. पट्टा आता कुणीही बाई एका हातानं दांडा ओढून सरकवते, आणि पाहायला गावातलं कुणी येत नाही.

जिनात, गिरणीत, कुठंही फिरत्या यंत्राशी ज्यांचं काम पडतं त्यांना एका वायरमनचं सांगणं आहे. मालकाच्या शब्दावर किंवा स्वतःच्या दंडावर भरवसा ठेवून गल्लीत उतरू नका. मेन स्विच पाडा. शाफ्टवर कापसाचा बोळा टाकून तो खरंच थांबला का ते पाहा. मग फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात घालून खाली जा. फ्यूज तुमच्या खिशात असला की मोटर कुणाच्या बापाला चालू करता येत नाही.