मंडईची सेटिंग

मोहाडीकडच्या आमच्या शेजारच्या इश्वरचं सांगतो. किस्से सांगायला बसलो की मला उठवावं लागतं, पण हा सांगून मी आपणच उठतो.

इश्वर धानाची शेती करणारा. हौसेनं जुना कॅमेरा घेतला नि जे शिकेल ते मलाही शिकवायचा. "आबाजी, अपर्चर म्हणजे डोळ्याची बाहुली. शटर म्हणजे पापणी, किती वेळ उघडी ठेवाची ते आपल्या हाती. आन् आयएसओ वाढवला का अंधारातबी दिसते."

"मंग माह्या डोळ्याचा वाढवून दे ना बावा!" मी म्हणालो. पोट धरून हसला.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. रात्रभर दंडार, नाचगाण्याचा खेळ, चालली, अपुऱ्या उजेडात इश्वरनं झकास फोटो काढले. सकाळी त्याची माय कुंताबाई म्हणाली, "उद्या ऑपरेशनले नागपूरले नेता, त्याच्या आंधी माहा फोटो काढ. बिमार बाईचा नोको, धान कापणाऱ्या बाईचा."

पोटात गाठ होती तिच्या. तरी पदर खोचून, हातात विळा घेऊन पिवळ्या धानात उभी राहिली. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेलो.

"माय, दात दाखव!"

"हायेत कुठी बे दाखवाले?" म्हणाली नि जी हसली, जी हसली! इश्वरनं भराभर बटण दाबलं.

"दाखव मले."

कॅमेऱ्याचा पडदा पांढरा दिसत होता. नवशिक्या इश्वरला वाटलं, उन्हाची चमक असेल. "उन्हात दिसत नाही माय, घरी दाखवतो."

घरी सावलीत पाहिलं, तर सगळे फोटो पांढरेफटक. माय नाही, धान नाही. बाहुली ताणलेली, पापणी सुस्त, आयएसओ चढलेला. रात्रीची दंडारीची सेटिंग त्यानं बदललीच नव्हती. धावत मायजवळ गेला, तर ती तापानं फणफणलेली, गोधडीत.

"आल्यावर काढू ना रे," ती म्हणाली.

ती आली नाही.

तेरवीला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. कपाळाला आठ्या, नजर घाबरलेली. इश्वरची बहीण कौशल्याबाई पाहून म्हणाली, "हे आपली माय नोहोय." नि आत जाऊन रडली.

इश्वर आता लग्नाचे फोटो काढतो, चांगले काढतो. परवा त्याच्या कॉम्प्युटरवर ते पांढरे चौकोन दिसले.

"पुसून टाक ना रे, कायले ठेवले?"

"राहू द्या आबाजी," तो म्हणाला. "त्याच्यात माय हासून राहिली हाये."