कॅमेऱ्यासमोर न बसणारी मुलगी

तिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत. पुस्तक हातात घेऊन ती स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा फेऱ्या मारायची. बसली की डोकंच चालेना. महामारी आली, विद्यापीठ बंद झालं आणि रसायनशास्त्राची शेवटची परीक्षा घरी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर ठरली. चेहरा चौकटीबाहेर गेला की इशारा. तिसऱ्या वेळी पेपर बंद.

"मी जन्मभर बसून बस चालवली," बसगाड्या थांबल्याने घरीच असलेले वडील म्हणाले. "तुला तीन तास बसवत नाही?"

नाहीच बसवलं. एका समीकरणापाशी अडली आणि नकळत उठली. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा खिडकीपाशी उत्तर सापडलं म्हणून धावत आली, तर पेपर बंद झालेला.

त्यानंतर तिच्या जिवाला चैन नव्हतं. मग विद्यापीठाने कळवलं, ज्यांचे पेपर अर्धवट राहिले त्यांना मागच्या सत्रांच्या सरासरीने गुण. भिंगरी चांगली पास झाली होती!

मैत्रिणीचा फोन आला. "तुझी मजा आहे बाई! माझं नेट दोनदा गेलं, रडत रडत पेपर पुरा केला, तरी गुण तुझ्याहून कमी."

"म्हणजे हे चूकच ना?"

"चूक का असेना. आयतं मिळालंय, गप्प बस."

गप्प बसणं तिला कुठलं जमायला! शेवटी तिने रसायनशास्त्राच्या सरांना फोन लावला आणि हे आयते गुण नकोत म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "तोंडी परीक्षा घेतो. पण सरासरीचे गुण रद्द होतील. मिळतील ते पदरात घ्यायचे."

"हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस," वडील म्हणाले. ती तोवर परीक्षेसाठी फोन घेऊन गच्चीवर पोचली होती.

"धापा का टाकतेयस?" सरांनी फोनवर विचारलं.

"चालतेय, सर."

"चाल. पण उत्तरं दे."

दिली. दोन चुकली, तीही सोपी. गुण मैत्रिणीपेक्षाही कमी पडले. पुढच्या पदवीच्या प्रवेशाच्या यादीत मैत्रिणीचं नाव लागलं, हिचं नाही. महिनाभर ती स्वतःवरच चिडचिडत राहिली. मग एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, वर्षभर नमुने तपासले आणि पुन्हा अर्ज केला. या खेपेला प्रवेश मिळाला.

वसतिगृहाच्या दारात मैत्रिणीनेच तिची बॅग उचलली. "एक वर्ष घालवलंस. मला अजून पटलेलं नाही हं."

"मला तरी कुठे रोज पटतं?" भिंगरी म्हणाली, आणि दोघी भांडत भांडत जिना चढू लागल्या.