बाबांच्या वाती आणि समुद्राचं पाणी

गेल्या आठवड्यात आम्ही कोकणात होतो... आमच्या आर्णीहून दीड दिवस गाडीत बसून, रिसॉर्टांच्या रांगेपलीकडे कातळात कोरलेली महादेवाची फार जुनी गुहा बघायला. बघायला म्हणजे, आईचा नवस फेडायला.

दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. आईनं घरच्या शेतातला कापूस पुढ्यात ठेवला आणि त्यांना फुलवाती वळायला बसवलं. शेजारणीनं याच गुहेतला अंगारा आणून दिला होता. हात सुधारला की यांच्याच हातच्या वाती तिथं लावीन, असं आई तेव्हाच बोलली.

हात बराच सुधारला. पण पुरुषमाणसानं वाती वळायच्या म्हणजे काय... आमच्या हार्डवेअरच्या दुकानात कोणी आलं की बाबा पटकन कापसावर पेपर टाकायचे. बाहेर जाताना तो हात कायम खिशात.

ट्रिपची तयारी माझ्याकडे होती. टोल, हवामान, हॉटेलचे रिव्ह्यू, सगळं मोबाईलवर तपासलं होतं. भरती-ओहोटीचं मात्र डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे नदीवर गेलं की चपला-पिशव्या काठावर ठेवायच्या आणि खुशाल पाण्यात उतरायचं... गुहेच्या पायऱ्यांखाली आम्ही तेच केलं. आई वातींची पिशवी सोडत नव्हती. मीच म्हटलं, "ठेव न त्या दगडावर, कोण नेते?"

पाय धुऊन, फोटोबिटो काढून मागे वळलो तर दगडच दिसेना! चपला तरंगत होत्या. आमचे शेजारी सलीमभाई, गाडी त्यांचीच, पँट वर करून गुडघाभर पाण्यात शिरले आणि पिशवी घेऊन आले. आत खाऱ्या पाण्याचा नुसता लगदा. आमच्या अरुणावती नदीला पूर आला तर आधी गावभर बोंब होते... हा समुद्र गुपचूप येतो.

आई पायरीवर बसून रडायला लागली. "दोन वरसं वळल्या हो यायनं..." मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. दुपारीच परत निघायचं होतं.

सलीमभाई वर गाडीकडे गेले आणि ड्रायव्हर सीटची पाठीची उशी घेऊन आले. किल्लीनं तिची शिवण उसवली. "काकू, रडून नका राहू. कापूस आपल्या आर्णीचाच हाये, अब्बानं पिंजलेला." मग तिथंच बसून बोटांनी कापूस मोकळा करायला लागले. पिंजाऱ्याच्या घरचा माणूस... एकेक पुंजका ढगासारखा फुलत होता.

आईनं वात वळायला हात पुढे केला.

"आन इकडं," बाबा म्हणाले.

भोवती रिसॉर्टमधली बरीच मंडळी जमली होती. बाबांनी खिशातून हात काढला. पहिली वात सुटली, दुसरीही सुटली. तिसरी जमली... जराशी वाकडी, पण वातच.

गुहेत थंडगार, अंधार, वरून पाणी ठिबकत होतं. तिथली दिवाबत्ती बघणाऱ्या काकूंनी ती वात तुपात भिजवून लावली आणि कौतुकानं विचारलं, "कोणी वळली हो?"

असं कोणी विचारलं की बाबा नेहमी आईकडे बोट दाखवतात. या वेळी म्हणाले, "मी."

आई परत रडली. मीही रडले, लपवत नाही. सलीमभाई बाहेर चपला राखत उभे होते... या वेळी पार वरच्या पायरीवर. त्यांचे आभार मानले तर म्हणाले, "उशीचं काय घेऊन बसली, ताई."

काल दुकानात गेले. बाबा काउंटरवर बसून वाती वळत होते, समोर दोन गिऱ्हाईकं उभी होती. पेपर बाजूला घडी करून ठेवला होता.