लाल ठिगळाची पिशवी

चहा गार झाला तर दुसरा सांगू, पण हे ऐकाच. माझं वय सदुसष्ट. आजवर गाढवपणा काय कमी केला? पण लंडनमध्ये एका दिवशी मी जे करून बसलो, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

आधी एक लक्षात घ्या, मी लातूरचा. सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. टंचाईत टँकर आला की गल्लीत रांग कोण लावायचं? मी! बायका रांगेत घागर ठेवायच्या, घरी जाऊन भाकरी थापायच्या, अन् टँकर आला की परत यायच्या. कुणी दुसऱ्याची घागर मागं सरकवली की मी गरजायचो, "घागर हाय म्हंजी माणूस हाय!" माझा कायदा होता तो. कुणाची मोडायची हिंमत न्हाई झाली.

तर आमचा अमोल लंडनला नोकरीला. मी अन् शालन, म्हणजे आमची मंडळी, महिनाभर त्याच्याकडं होतो. परतीच्या आदल्या दिवशी त्यानं रजा काढली, आम्हाला शहर दाखवायला. सगळ्यात आधी एक उंच मनोरा. लिफ्टनं वर जायचं अन् सगळं लंडन एका नजरेत बघायचं.

शालनला वर जायचं होतं ते तिच्या मायसाठी. माझ्या सासूबाई जळकोटला असतात, पंच्याऐंशीच्या. काचबिंदूनं डोळे जाऊन राहिले होते. नांदेडच्या डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, उरलेली नजर चार-सहा महिन्यांची. म्हणून निघताना माय शालनला म्हणाली होती, "तू उंचावर चढलीस की मला फोनात दाखव. एवढं मोठं गाव वरून कसं दिसतंय ते एकदा बघू दे. मग गेले डोळे तर जाऊ दे."

जळकोटला दुपारी साडेचारला फोन करायचं ठरलं होतं. तिकडं म्हातारी तीनपासूनच नवं लुगडं नेसून फोनसमोर बसलेली!

मनोऱ्याखाली ही लांब रांग. अमोल म्हणाला, "पप्पा, म्हाताऱ्या माणसांना लवकर सोडतात का ते विचारून येतो. तुम्ही रांगेतून हलू नका."

"हाव, हाव. मला काय रांग शिकवतोस?"

तो गेला. ऊन होतं. तिकडंही पडतं बरं का! गुडघे बोंबलायला लागले. साठ पावलांवर झाडाखाली बाकडं, रिकामं. मी काय केलं असेल?

बरोबर. पिशवी ठेवली रांगेत.

ती पिशवी सासूबाईंनीच शिवलेली, जुन्या हिरव्या लुगड्याची. कोपऱ्यात हे एवढं लाल ठिगळ. आत धपाटे, कारळाची चटणी, स्टीलचा डबा अन् माझं बीपीचं मशीन, त्याच्या नळ्या-वायरींसकट. पुढच्या गोऱ्याला मी सांगितलं, "माय बॅग, माय नंबर." तो गोड हसला. मला वाटलं, समजलं बिचाऱ्याला.

शालन म्हणाली, "अहो, इथं असं चालतंय का?"

"रांग म्हंजी रांग. लातूर काय अन् लंडन काय! चल."

बाकड्यावरून बघतो तर काय, रांग पुढं सरकली, पण पिशवीला कुणी हात लावेना. उलट लोक तिच्यापासून दोन हात लांब झाले. मग चार हात. मग दहा! मी शालनला म्हणालो, "बघ, ह्याला म्हणतात शिस्त. एवढी इज्जत माझ्या हयातीत कुठल्या घागरीला मिळाली न्हाई!"

तेवढ्यात शिट्ट्या. पोलीस आले, फिती बांधल्या, सगळ्यांना मागं हटवलं. आम्हालाही बाकड्यावरून उठवलं. मला वाटलं कुणी मंत्री आला असंल. अमोल गर्दीतून धापा टाकत आला. "पप्पा, चला मागं! कुणीतरी बेवारस बॅग सोडून गेलंय. मनोरा रिकामा करून राहिले."

माझं डोकं फिरलं. "कोण बेवकूफ हाय तो? एवढ्या लोकांचा खोळंबा! असल्याला उलटं टांगलं पाहिजे!"

देवा शप्पथ, एवढं बोललो. मोठ्यानं. अन् डोक्यात काही म्हणजे काही पेटलं न्हाई. बेवारस बॅग वेगळी, अन् माझी नंबराला लावलेली पिशवी वेगळी न्हाई का?

तिकडं जळकोटला साडेचार वाजले अन् इकडं फोन खणाणला. म्हातारीनंच लावून घेतला होता. शालननं रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं अन् फोन फितीच्या पलीकडं धरला. "माय, बघ, त्या बॅगेपायी सगळं थांबलंय."

पोलिसांचं एक कुत्रं पिशवी हुंगत होतं. चटणी नाकात गेली असणार, सटासट शिंकलं.

फोनात सासूबाई डोळे बारीक करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "शालन, जरा जवळून दाखव गं... अगं, ही माझी पिशवी हाय की! ते लाल ठिगळ मीच लावलंय!"

ज्या बाईला समोरचं ताट नीट दिसत न्हाई, तिनं सात समुद्रांपलीकडचं ठिगळ ओळखलं. अन् मला, डोळे धडधाकट असून, ओळखू आलं न्हाई.

अमोलनं माझ्याकडं बघितलं. शालननं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

पुढं काय, पोलिसांपुढं हात जोडून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, बॅग सोडून का गेलात? मी म्हणालो, "साहेब, मी रांगेतच होतो." अमोल खाली मान घालून भाषांतर करत होता. उत्तर आलं, "बॅग रांगेत होती. तुम्ही सावलीत होता."

त्यांनी पिशवी परत दिली, समज दिली, पण मनोरा त्या दिवसापुरता बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान.

गाडीत शालन माझ्याकडं पाठ करून बसली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. खिडकीतून ती त्या मनोऱ्याकडं बघत होती, तो दिसेनासा होईपर्यंत. मला लई वाईट वाटलं. अजून वाटतंय. साठ पावलांची सावली मला सोडवली न्हाई, अन् एका म्हातारीची मागणी कायमची राहिली.

डॉक्टरचं खरं झालं. दिवाळीपर्यंत सासूबाईंची नजर पूर्ण गेली.

परवा जळकोटला गेलो होतो, तीच पिशवी घेऊन. म्हातारीनं ती मांडीवर घेतली, चाचपत चाचपत ठिगळावर बोट ठेवलं अन् हसली. चिडली असती तर माझं ओझं हलकं झालं असतं, पण न्हाई.

"जावई," ती म्हणाली, "राहिलंच बघा ते. आता तोंडानं तरी सांगा. वरून काय दिसलं असतं?"

मी सांगायला लागलो. "नदी दिसली असती, माय... पूल... घरं..." पुढं गाडी सरकेना. मी तरी कुठं वर गेलो होतो?

आतून, चुलीपासून शालनचा आवाज आला.

"माय, त्यांना काय विचारतीस? पिशवीला विचार. रांगेत तीच उभी होती."