माझ्या मागची सायकल

"काकांना सांग ना यार, माळशेजला नका येऊ. वर पोचून त्यांच्यासाठी किती थांबायचं?"

आरे कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर आमच्या सायकल ग्रुपचं ठरत होतं. काका जरा लांब, झाडाला सायकल टेकवून, पाठमोरे उभे राहून केळं खात होते. ते एकटेच खातात आणि साल पिशवीत घालून घरी नेतात. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात कसारा घाटात सगळे पुढे निघून गेले आणि वळणावर मी एकटीच उरले, असं मला वाटलं. धाप लागून उतरले, तर मागेही कोणीतरी उतरलं. काका. ते लगेच वाकून चेन तपासायला लागले. मी निघाले की त्यांची चेन बरी व्हायची, मी थांबले की पुन्हा बिघडायची. घाटभर बोलले एवढंच, "सावकाश गं, घाट काही पळून जात नाही."

वर मी आधी पोचले, ते माझ्या मागून. मला टाळ्या मिळाल्या. त्यांना कोणीतरी विचारलं, "काय काका, वाट लागली ना?" ते नुसते हसले.

"मग सांगायचं ना काकांना?" टपरीवर पुन्हा कोणीतरी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. या ग्रुपमध्ये मी 'हाय' आणि 'बाय' यांच्यामध्ये सहसा काही बोलत नाही. चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काका हळू नाहीयेत. हळू मी आहे. ते माझ्यासाठी मागे राहतात."