आईच्या हातची चिठ्ठी

सिस्टरबाईंच्या दारात मुलीचा बाप आला, की त्या त्याला खुर्ची द्यायच्या, तांब्याभर पाणी द्यायच्या, आणि मग त्याच्याकडे पाठ करून आईशी बोलायला लागायच्या. बाप सरपंच असो नाहीतर मास्तर असो. आमच्या ह्यांना तर त्या दिवशी वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. ते दोनदा मोठ्यानं म्हणाले, "बाई, खोलीचं इचारतोय मी." बाई वळल्याही नाहीत. म्हणाल्या, "ऐकलं मी. पाणी प्या."

त्यांचं खरं नाव मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. एका मिशन दवाखान्यात त्यांची सारी नोकरी झाली होती, म्हणून गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणायची. नगरला तारकपूरच्या मागच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं बैठं घर होतं. पुढे त्या एकट्या राहायच्या आणि मागच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींना द्यायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी माझी मंदा पाथर्डीला बारावी पास झाली. नगरच्या कॉलेजात नाव लागलं, पण सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. आम्ही दर दसऱ्याला कोयता घेऊन ऊस तोडायला जाणारी माणसं. ह्यांनी मंदाला समोर बसवून सांगितलं होतं, "नगरात राह्याची सोय झाली तर शीक. न्हाई झाली तर दसऱ्याला आमच्यासंगं चल." आमच्याकडे मुलगी फडावर आली, की वर्षाच्या आत तिचं लग्न होतं. हे मंदाला माहीत होतं आणि मलाही.

दोन दिवस आम्ही तिघं नगरात खोली शोधत हिंडलो. एक जण म्हणाला, फक्त फॅमिलीला देतो. दुसरा म्हणाला, मुलीची जोखीम नको. सावेडीला एका बाईने खोली दाखवली, मोरी दाखवली, चहासुद्धा टाकायला सांगितला. मग आडनाव विचारलं. ह्यांनी सांगितलं. तेव्हा तिला आठवलं, की ही खोली कालच कोणाला तरी कबूल केली आहे. चहा आलाच नाही. बाहेर आल्यावर मंदा चप्पल घालताना म्हणाली, "आई, खोली काल दिली मग आज दाखवली कशाला गं?" ती सगळं समजून विचारत होती.

शेवटी माळीवाड्याच्या स्टँडवर पेरू विकणाऱ्या एका म्हातारीने सिस्टरबाईंचा पत्ता दिला. "लई खडूस हाय," ती म्हणाली, "पर तिच्याकडली पोरगी कधी वाया गेली न्हाई."

तर ह्यांच्याकडे पाठ करून सिस्टरबाई माझ्या समोर बसल्या आणि मंदाबद्दल विचारायला लागल्या. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. मी मान खाली घालून व्हय आणि न्हाई एवढंच म्हणत होते. झोपेत दात खाते का? अंगावर काही उठतं का? भाकरी किती खाते? पाळी वेळेवर येते का? हे शेवटचं ऐकल्यावर ह्यांना एकदम खोकला आला आणि ते बिडी ओढायला बाहेर निघून गेले. सिस्टरबाई पहिल्यांदा हसल्या. "बघितलं? म्हणून मी आईलाच विचारते. बापाला पोरगी किती शिकली ते माहीत असतं, किती जेवते ते माहीत नसतं."

आडनाव त्यांनीही विचारलं. मी सांगितलं आणि वाट बघत राहिले. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि पुढचं विचारलं, "दूध पचतं का?"

मग ती वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "माझा एकच नियम. मुलगी घरी न्यायला कोणीही येवो, बाप, भाऊ, मामा, कोणीही, आईच्या हातची चिठ्ठी पाहिजे. चिठ्ठी नाही तर मुलगी नाही. मला अक्षराची ओळख पाहिजे म्हणून इथं चार ओळी लिहा."

मी म्हटलं, "मला लिव्हता येत न्हाई."

"खोटं बोलतीय," मंदा म्हणाली. "चौथी झालीय तिची. मला मुळाक्षरं तिनंच शिकवली, चुलीपुढं राखेत काढून."

खरी गोष्ट अशी, की मी डाव्या हाताने लिहिते. भाकरी उजव्याने थापते, कोयता उजव्या हातात धरते, पण पेन्सिल पहिल्यापासून डाव्यातच बसली. गुरुजी त्याच हातावर छडी मारायचे. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी कोणासमोर लिहिलंच नाही. सासरी कागद आला तर अंगठा उठवायचे. ह्यांना वाटायचं बायको अडाणी, आणि मीही ते तसंच राहू दिलं होतं.

त्या दिवशी लिहिलं. 'मी माझी मुलगी मंदा हिला सिस्टरबाई यांच्याकडे ठेवत आहे.' एवढ्याला पुष्कळ वेळ लागला. ओळी उतरत गेल्या. मी लाजून वही मिटायला लागले, तर सिस्टरबाईंनी ती ओढून घेतली आणि चष्म्यातून बघत म्हणाल्या, "वाईट आहे अक्षर. छान. ह्याची नक्कल कोणाला करता येणार नाही." आणि माझ्या डाव्या हाताकडे बघून, "दुखत होता का फार, मारायचे तेव्हा?" त्यांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

खोली मिळाली. परतताना मी ह्यांना चिठ्ठीचा नियम सांगितला, आणि मला लिहिता येतं हेही. मंदाचा पहिला महिना मात्र रडण्यातच गेला. सिस्टरबाई पाणी उकळल्याशिवाय पिऊ द्यायच्या नाहीत, नऊला दिवा बंद करायच्या, केस मोकळे सोडून स्वयंपाकाजवळ गेलं की ओरडायच्या. दुधावरची साय मात्र एकट्या खायच्या. "तुम्हाला पुढं आयुष्य पडलंय साय खायला," असं मुलींना म्हणायच्या.

दर रविवारी चर्चमधून आल्या, की पांढऱ्या लुगड्यातच त्या मुलींना ओळीने उभं करायच्या आणि एकेकीची खालची पापणी ओढून रक्त किती आहे ते बघायच्या. पापणी फिकी दिसली, की मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. "आधी रक्त वाढवा, मग डोकं वाढवा." मी एकदा मंदाला भेटायला गेले, तर मलाही त्या ओळीत उभं केलं. माझी पापणी ओढून बराच वेळ बघितली. "पोरीपेक्षा तुमच्यातच कमी आहे. ती शिकतीय तुमच्या रक्तावर." मग त्यांनी स्वतःच्या वाटीतली साय माझ्या पुढ्यात ठेवली. मागे मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

मंदा शेवटच्या वर्षाला होती. आम्ही गोदावरीच्या अंगाला एका कारखान्याच्या फडावर होतो. माघ महिन्यात आमच्याच टोळीच्या मुकादमाचं स्थळ चालून आलं. मुलगा सातवी नापास, पण घर मोठं. मुकादमाला न्हाई म्हणायचं म्हणजे पुढच्या साली टोळीत घेतील की नाही, ही भीती. हे विचारात पडले. परीक्षेला दोन महिने राहिले होते. मी म्हटलं, "परीक्षा होऊ द्या." धाकटे भाऊजी म्हणाले, "पोरगी बघाया परीक्षा कशाला पाहिजे, वहिनी? नुसती दोन दिस आणतो." दोन दिवसांनी ती परत जाणार नव्हती, हे कोपीतल्या, आमच्या त्या पाचटाच्या झोपडीतल्या, सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने भाऊजी नगरला गेले. मला कळलं तेव्हा मी फडात मोळ्या बांधत होते.

पुढचं मंदाने सांगितलं. भाऊजींना ह्यांनी चिठ्ठीचा नियम सांगितला होता, म्हणून ते तयारीने गेले होते. दारातूनच म्हणाले, "वहिनीचा हात कापलाय कोयत्यानं. पोरीला बोलावलंय." मंदाने तिथंच रडायला सुरुवात केली आणि पिशवी भरायला घेतली. सिस्टरबाईंनी भाऊजींना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"चिठ्ठी?"

"बाई, हात कापलाय म्हन्तो ना. चिठ्ठी कशानं लिव्हंल?"

"कोणता हात?"

"उजवा. पार चारी बोटं."

"अरेरे. फार वाईट झालं." सिस्टरबाई उठल्या आणि मंदाच्या हातातली पिशवी काढून घेतली. "पण ती लिहिते डाव्या हातानं. डावा शाबूत आहे ना? मग त्या हाताची चिठ्ठी आणा, मी मुलगी तुमच्याबरोबर देते."

भाऊजींनी आयुष्यात मला लिहिताना बघितलं नव्हतं. मंदा म्हणते, काकाचं तोंड असं झालं, की रडता रडता तिला हसू आलं. जाताना ते म्हणाले, "बाई, तुमची पोरगी न्हाई ती." सिस्टरबाई म्हणाल्या, "म्हणूनच जपावी लागते."

भाऊजी परत आले ते दुपारी, आम्ही भाकरी खात होतो तेव्हा. हात हालवत आले. सगळ्या टोळीपुढे म्हणाले, "दादा, तुझी बायको डावरी हाय, हे मला नगरच्या म्हातारीनं सांगावं व्हय?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ह्यांना ते लागलं. त्यांनी मुकादमाच्या वहीचा कोरा कागद आणला, पेन आणलं आणि माझ्यापुढे टाकलं. "लिव्ह. पोरीला धाडा म्हनून. एक ओळ लिव्ह."

मी ह्यांना कधी उलटून बोलले नव्हते. मी कागदाकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, की बाईंनी चिठ्ठी मागून ठेवली होती ती कशासाठी. त्यांनी मुलगी माझ्या हातात ठेवली होती. मी न लिहिलं तर कोणाचंच चालणार नव्हतं, आणि न लिहायला बोलावंही लागत नाही.

मी पेन उचललं नाही.

"लिव्ह म्हन्तो ना!"

"न्हाई," मी म्हटलं. "परीक्षा हुईस्तवर न्हाई."

ते हात उगारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उगारला नाही. तो कागद चुरगाळून चुलीत टाकला आणि पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी मोळी माझ्या डोक्यावर देताना म्हणाले, "कव्हा हाय परीक्षा?" मुकादमाने त्याच उन्हाळ्यात दुसरीकडची सून केली, आणि आम्हाला टोळीतही घेतलं.

आठवड्याने कारखान्याच्या पत्त्यावर सिस्टरबाईंचं कार्ड आलं. 'हात खरंच कापला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, हयगय करू नका. कापला नसेल तर तसं कळवा.' मी कोपीच्या दारात, सगळ्यांच्या देखत बसून उत्तर लिहिलं. 'हात बरा आहे.' पुढे काय लिहावं ते सुचलं नाही. आभार मानावेत एवढं तेव्हा लक्षात आलं नाही. पुढे भेटी झाल्या, पण त्यांनी तो विषय काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. त्या पापणी ओढून बघायच्या आणि मी साय खायचे, एवढंच.

मंदा पास झाली, बी.एड. झाली, शेवगावकडे एका शाळेवर लागली. लग्नही तिच्या मनासारखं झालं. लग्नाला सिस्टरबाई आल्या होत्या. नवऱ्यामुलाच्या आईशी बराच वेळ बोलत बसल्या, काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही.

दोन वर्षांनी मंदाच्या शाळेत फोन आला, की सिस्टरबाई झोपेतच गेल्या. आम्ही दोघी पहिल्या एस.टी.ने नगरला गेलो. मी चर्चमध्ये कधी गेले नव्हते. चप्पल कुठं काढायची ते कळेना. आत खूप गर्दी होती, पण आवाज नव्हता. मागच्या बाकाच्या टोकाला आम्ही टेकलो. पाळकसाहेब त्यांचं पूर्ण नाव घेत होते. ते मला ओळखीचं वाटेना, म्हणून मी पेटीकडे बघत होते.

मग मला दिसलं, की इकडंतिकडं माझ्यासारख्याच बायका बसल्या आहेत. डोक्यावर पदर, उन्हाने काळवंडलेली तोंडं, मांडीवर पिशवी. कोणी जामखेडकडच्या वाटत होत्या, कोणी आमच्याच बाजूच्या. प्रत्येकीच्या शेजारी एक शिकलेली मुलगी. आम्ही कोणी कोणाला ओळखत नव्हतो.

पाळकसाहेब म्हणाले, "आता प्रार्थनेसाठी घरच्यांनी उभं राहावं."

पुढच्या बाकावरून त्यांचा भाचा उठला, एकटाच. मग मधल्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उभी राहिली. मग खिडकीजवळची एक. मग आणखी एक.

मी उठले. मंदाने माझा पदर ओढला. तिला वाटलं, पाळकसाहेब काय म्हणाले ते आईला नीट कळलं नाही.

मला कळलं होतं.